पोचल्याची खबर येईपर्यंत

निवृत्त होऊन आठ वर्षं झाली तरी माझ्या पडवीत अजून इंग्रजी शिकवलं जातं. विद्यार्थिनी एकच, वय त्रेचाळीस, शेजारच्या वाडीतली. तिच्या घरी पर्यटकांसाठी दोन खोल्या आहेत आणि रस्त्यावर ‘निवास न्याहारी’ अशी पाटी. तारकर्लीला जागा मिळाली नाही की माणसं आमच्या गावापर्यंत येतात, आणि त्यातली पुष्कळशी आता कर्नाटकातली, गुजरातेतली, मराठी न कळणारी. म्हणून ती मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारची भांडी घासून, हात पदराला पुसत, वही घेऊन येते. पैसे मी घेत नाही. कधी ती चार बांगडे आणते, कधी नुसतीच येते.

सुरुवातीला मला वाटायचं, मी तिच्यावर उपकार करते आहे. खरं उलटं आहे. ती आली नाही तर मंगळवार ते शुक्रवार या घरात माझ्याशिवाय कुणाचा आवाज होत नाही. लग्न मी केलं नाही, आई गेली, भाऊ मुंबईकडे. मला एकटं वाटतं. हे मी गावात कुणाला सांगत नाही, कारण सांगितलं की लगेच कुणीतरी मांजर पाळायचा सल्ला देतं.

तर त्या शुक्रवारी आम्ही इंग्रजीतल्या जोडक्रियापदांवर होतो. साधंसुधं क्रियापद घ्यायचं, त्याच्या शेपटीला एक चिमुकला शब्द बांधायचा, की अर्थ भलत्याच गावाला जातो. शाळेत मुलं या धड्याला फार भ्यायची. हिला भीती नाही. धंद्यामुळे चेक इन, चेक आउट, पिक अप हे सगळं तिला आधीपासून तोंडपाठ. मी वहीत पुढचं लिहून दिलं : सी ऑफ.

एकतीस वर्षं शिकवलेलं असल्यामुळे मला त्यात विचार करावा लागत नाही. मी म्हटलं, सी म्हणजे बघणं, ऑफ म्हणजे दूर, पण दोन्ही मिळून दूर बघणं होत नाही. कुणी प्रवासाला निघालं, तर तो जिथून निघणार त्या जागेपर्यंत त्याच्याबरोबर जायचं आणि त्याला निरोप द्यायचा, म्हणजे सी ऑफ. घरात बसून हात हलवला तर ते नुसतं गुडबाय. सी ऑफ करायचं तर पायात चप्पल घालावी लागते. आणि जाणाऱ्याला मधे ठेवायचं : सी हिम ऑफ, सी हर ऑफ.

तिने नीट लिहून घेतलं. मग पेन ओठाला लावून विचारलं, “बाई, पण खंयपर्यंत जावचा? बेड्यापर्यंत की रस्त्यापर्यंत?”

बेडं म्हणजे आमच्याकडे कुंपणाचं फाटक. एकतीस वर्षांत एकाही मुलाने मला हे विचारलं नव्हतं. पाठ्यपुस्तकातल्या चित्रात विमानतळ असायचा, काचेपलीकडे हात हलवणारी माणसं, आणि ज्या मुलांनी तेव्हा विमान फक्त आभाळात पाहिलं होतं ती मुकाट्याने अर्थ पाठ करायची.

“इंग्रजीत त्याचा नियम नाही,” मी म्हटलं.

“मगे कसली भाषा!” ती म्हणाली. “मी आपली तिठ्यापर्यंत जातंय. गाडी वळणाआड गेली का परत.”

“प्रत्येक गिऱ्हाइकाबरोबर?”

“पावणेच ते, बाई. दोन रात्री माझ्या हातचा जेवले.”

मग तिने मला एक गोष्ट सांगितली आणि माझं शिकवणं तिथेच थांबलं. पाहुणे सकाळी जातात आणि दुपारी दुसरे येतात, त्यामुळे खोली लगेच झाडावी लागते. पण माणूस घराबाहेर पडल्यावर त्याच्या पाठोपाठ केर काढू नये, हे तर इथे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. मग हिने करायचं काय? “मी सगळी खोली झाडतंय, पण दाराआडचो केर ठेवतंय,” ती म्हणाली. “पोचल्यार मेसेज करा म्हणान सांगतंय. मेसेज इलो का मगे तो काढतंय. त्येंका काय म्हायत? पण माका बरा वाटता.”

मी उठून आत पाणी प्यायला गेले. तहान लागली नव्हती.

आमच्या घरात हा नियम आईने फार कडकपणे पाळला. घरातून प्रेत हलवलं की मागे केर काढतात, घर धुतात. म्हणून जिता माणूस निघाला की केरसुणीला हात लावायचा नाही. “गेलल्या माणसाच्या पाठसून केर काढू नये. पोचल्याची खबर येवंदे,” आई म्हणायची. पत्र यायला चार-पाच दिवस लागत आणि तितके दिवस घर कोण तसं ठेवणार, म्हणून तिने हिशोब बसवला होता : गाडी संध्याकाळी सुटते, म्हणजे उद्या उजाडता माणूस मुंबईत. तोपर्यंत केर जागच्या जागी. भाऊ नोकरीला लागल्यापासून चतुर्थी झाली की आमचं घर एक रात्र पारोसं राहायचं. पडवीत दूर्वा, फुटक्या करंजीचा चुरा, आणि त्यावरून आम्ही दोघी ये-जा करायच्या.

आणि पोचवायला जायचं. तो माझ्याहून चार वर्षांनी लहान. पिशवी एका बाजूने मी धरायची, दुसऱ्या बाजूने तो. घरापासून पाणंदीने खाली, व्हाळावरचा, म्हणजे ओढ्यावरचा, साकव ओलांडून, चढ चढून तिठा, तीन रस्त्यांचा नाका. आई साकवापर्यंत यायची, मी तिठ्यापर्यंत. गाडी वळणाआड गेली की मी परत फिरायची आणि साकवावर आई उभीच असायची. वर्गात माझं उदाहरणाचं वाक्य ठरलेलं होतं : मी माझ्या भावाला सी ऑफ करायला बस स्टॉपवर गेले. मुलं पुढे चतुर्थीनंतर मला तिठ्यावर बघत आणि हसत. धड्यातलं वाक्य खरं करणारी बाई त्यांना दुसरी कुठे मिळणार!

नोकरीची शेवटची तीन वर्षं मात्र मी ते वाक्य बदललं. भावाच्या जागी मैत्रिणीला घातलं. कुणाच्या लक्षात आलं नाही.

त्याचं कारण सांगायला हवं. अकरा वर्षांपूर्वी आई गेली. दहा दिवस ती अंथरुणावर होती आणि रोज त्याला मी फोन करत होते. तो रोज म्हणत होता की रजा मिळाली की निघतो. तो पोचला तेव्हा आईला नेऊन एक दिवस झाला होता. पडवीत सगळे भाऊबंद बसले होते. तो पायरी चढला आणि मी सगळ्यांसमोर म्हटलं, “इले, पावणे इले.”

माझी जीभ अशीच आहे. शाळेत मुलं माझ्या छडीला भ्यायची नाहीत, तोंडाला भ्यायची. भावाने पिशवी कोपऱ्यात ठेवली. तेराव्यापर्यंत त्याने सगळं केलं, जे सांगितलं ते, ज्या वेळी सांगितलं त्या वेळी, आणि माझ्याशी कामापुरतं बोलला. तेरावं झालं त्याच दुपारी त्याने पिशवी भरली. मी स्वयंपाकघरात नारळ खवत होते. तो दारात येऊन म्हणाला, “ताय, जातंय मी.”

आमच्याकडे कुणी ‘जातंय’ म्हणत नाही. ‘येतंय’ म्हणतात. माझ्या कपाळात तिडीक गेली. मी मान वर केली नाही, “बरा” म्हटलं आणि खवत राहिले. पिशवीची दुसरी बाजू धरायला मी उठले नाही.

आणि तो अंगण ओलांडून गेला असेल नसेल, तोच मी हिराची केरसुणी घेतली आणि माजघरापासून झाडत निघाले. घरात तेरा दिवसांची घाण होती, पन्नास माणसं येऊन गेली होती, झाडायला तर हवंच होतं, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. आजही कुणी विचारलं असतं तर तेच सांगितलं असतं. पण मला नियम माहीत होता. मी तो मोडत होते ते मला कळत होतं, आणि मोडताना बरं वाटत होतं. पडवी झाडली, पायऱ्या झाडल्या, अंगण झाडलं, पार बेड्यापर्यंत. केराचा ढीग पेटवूनसुद्धा दिला.

घरात परतले तर खिडकीत त्याचा चष्मा. जवळचं वाचायचा, तपकिरी काड्यांचा. मी वाट बघितली. साकवापर्यंत गेला असेल, खिसा चाचपेल, परत येईल. आला की मी काय बोलायचं तेही मी ठरवलं होतं, आणि ते वाईट नव्हतं. तो आला नाही. गाडीचा हॉर्न तिठ्यावर वाजला आणि गेला. म्हणजे चष्म्यावाचून अडलं तरी चालेल, पण हिचं तोंड नको, असंच ना? त्या दिवसापासून तो चष्मा माझ्यापाशी पुरावा म्हणून राहिला. आईच्या पत्र्याच्या डब्यात, तिच्या कुड्यांबरोबर.

नंतर त्याने पोचल्याचा फोन केला नाही. मीही केला नाही. आई गेल्यापासून गणपती आमच्या मोठ्या घरात, वालावलला, चुलत भावांकडे. तो दर चतुर्थीला तिथे यायचा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी निघायचा. मी दुसऱ्या दिवशी दुपारी जायची. माझ्या घरापासून तासाभराच्या अंतरावर येऊन तो परत जायचा. चुलत वहिनी सांगायची, “तुझी चौकशी करी होतो.” मी म्हणायची, बरं. दिवाळीला त्याच्या बायकोचा फोन यायचा, ती फोन त्याच्याकडे द्यायची, तो म्हणायचा, “बरी आसस?” मी म्हणायची, “बरी.” असे अकरा फोन.

सांगायचा मुद्दा, त्या शुक्रवारी मी पाणी पिऊन बाहेर आले आणि विद्यार्थिनीला म्हटलं, आज इतकंच पुरे. तिने माझ्याकडे बघितलं आणि न विचारता वही मिटली. तिला मी बेड्यापर्यंत पोचवायला गेले. अशी मी कधी जात नसे.

पुढच्या महिन्यात भावाचा फोन आला. दिवाळी नव्हती, म्हणून नाव दोनदा वाचलं. “ताय, मी वेंगुर्ल्याक इलंय. लग्न आसा. उद्या मालवणची गाडी तिठ्यार पकडतलंय. दुपारी येवन जातंय, चलात?”

“चलात की,” मी म्हटलं. “जेवूकच ये.”

सकाळी सहाला मी मासळीसाठी बाजारात होते. सहासष्ट वर्षांची बाई सुरमईच्या तुकडीवरून कोळणीशी भांडताना बघून शाळेतला जुना शिपाई हसला. घरी येऊन सगळं घर झाडलं, पुसलं. सुरमईचं तिखलं केलं, सोलकढी केली, तांदळाची भाकरी त्याच्यासमोर भाजायची म्हणून पीठ मळून ठेवलं. आणि डब्यातून चष्मा काढून खिडकीत ठेवला, जिथे होता तिथेच. मला ते दाखवायचं होतं. भांडणाची हौस इतकी जुनी झाली की ती बरोबर राहणाऱ्या माणसासारखी वाटू लागते.

तो रिक्षातून उतरला तेव्हा मी क्षणभर ओळखलंच नाही. केस गेलेले, गुडघ्याला हात लावून पायरी चढला. निवृत्त होऊन त्यालाही दोन वर्षं झाली. जेवला मात्र पूर्वीसारखा, भाताचा मधे खड्डा करून. तिखलं दोनदा घेतलं. बोलणं त्याच्या मुलीचं, माझ्या गुडघ्यांचं, आंब्याला यंदा मोहोर किती ते. आईचं नाव दोघांनीही काढलं नाही.

हात धुऊन तो पडवीत बसला. मी चष्मा आणून त्याच्या पुढ्यात ठेवला.

“ह्यो घे. अकरा वर्सां सांभाळलंय. अर्ध्या वाटेरसून परत येवक तुझे पाय झडले होते?”

त्याने चष्मा उचलला, काड्या उघडून बघितल्या. “इल्लंय मी,” तो म्हणाला.

“खंय?”

“परत इल्लंय. साकवार खिसो बघलंय, चष्मो नाय. म्हणान परत इलंय. बेड्यापर्यंत.” त्याने चष्मा धोतराला पुसावा तसा पँटला पुसला. “तू अंगणात केर काढी होतस.”

मी पाण्याचा तांब्या उचलून बाजूला ठेवला.

“म्हटलंय, हिच्या लेखी मी गेलंय.”

“हाक कित्या नाय मारलंस?”

“काय म्हणान मारतलंय?”

हे तो रागाने म्हणाला असता तर मी उत्तर दिलं असतं, मला उत्तरं भरपूर सुचतात. तो नुसतं सांगत होता. वेंगुर्ल्याच्या लग्नात जेवणात काय होतं ते सांगावं तसं. हे ऐकताना मी त्याच्याकडे पाठ करून उभी होते की समोर, आता आठवत नाही. एवढं आठवतं की तेराव्याच्या दिवशी झाडताना मी बेड्याकडे पाठ करून, मागे मागे सरकत अंगण झाडत होते. म्हणजे तो माझ्यापासून दहा पावलांवर उभा होता, आईचं तेरावं जेवून, आणि त्याची बहीण त्याच्या पावलांवरून केरसुणी फिरवत होती.

“मी रागान केलंय,” मी म्हटलं. “मुद्दाम केलंय. माका म्हायत होता.”

“म्हायत आसा माका,” तो म्हणाला. “आयेक बघूक मी वेळेर इलंय नाय, ताही खराच.”

मला रडू आलं. मी ते आत जाऊन रडले नाही, तिथेच रडले, आणि तो खाली मान घालून चष्म्याच्या काड्या उघडमीट करत राहिला. जवळ आला नाही. आम्ही तसे जवळ येणारे नव्हे.

चार वाजता त्याने पिशवी उचलली. मी चप्पल घातली.

“उनातसून खंय येतंस? रव हयच.”

“गप रव,” मी म्हटलं आणि पिशवीचा दुसरा बंद धरला. तशी ती हलकी होती, दोघांनी धरण्यासारखं तिच्यात काही नव्हतं. थोडी कोकमाची सोलं आणि मी दिलेला नारळ. पाणंदीत आम्ही दोघेही धापा टाकत होतो. साकव आता सिमेंटचा आहे. तिथे त्याचे पाय थोडे थांबले, माझेही, मग आम्ही चढ चढलो.

तिठ्यावर ट्रॅव्हल्सची गाडी उशिरा आली आणि आल्या आल्या तिला घाई. क्लीनरने त्याच्या हातातून पिशवी ओढून घेतली, “चला चला काका” करत त्याला वर चढवलं. मी कान देऊन उभी होते की तो चढताना काय म्हणतो, येतंय म्हणतो की जातंय. काहीच म्हणाला नाही, म्हणायला कुणी वेळच दिला नाही. काचेला पडदा होता. गाडी वळणाआड जाईपर्यंत मी उभी राहिले आणि मग परत फिरले. साकवावर कुणी नव्हतं. ही परतीची वाट इंग्रजी शब्दकोशात कुठे दिलेली नाही, आणि मी वर्षानुवर्षं तीच चालत घरी येत होते. तेव्हा निदान आई असायची.

घरी पडवीत त्याच्या चपलेची तांबडी माती होती. रिक्षातून उतरून त्याने पाय झटकले नव्हते, लहानपणीही झटकायचा नाही, मार खायचा. बसला तिथे सुपारीच्या पुडीचा कागद. मी दिवा लावला, कागदावरून वळसा घालून आत गेले, एकटीपुरता भात जेवले. रात्री शेजारीण दूध द्यायला आली. तिने माती बघितली, कागद बघितला. “भाऊस गेले?” असं विचारलं आणि उत्तराची वाट न बघता त्या मातीला पाय न लावता वळून गेली.

सकाळी सातला फोन वाजला. मी तो उशाशीच ठेवला होता.

“पोचलंय गो.”

“बरा.”

मागे भांड्यांचा आवाज येत होता, त्याची बायको काहीतरी विचारत होती. मला वाटलं आता ठेवेल.

“केर काढलंस?” त्याने विचारलं.

“नाय.”

त्याने बायकोला काहीतरी उत्तर दिलं. मग म्हणाला, “मगे काढ आता.”

मी केरसुणी घेतली. पायऱ्या झाडल्या, पडवी झाडली, सुपारीचा कागद उचलला. माती फार नव्हती, मूठभर. ती दाराआड लोटली आणि तशीच ठेवली. पुन्हा कधी येणार, हे त्याने सांगितलं नव्हतं, आणि विचारायचं मला सुचलं नव्हतं.